एका गल्लीतल्या आठ आया

विदर्भातल्या खेड्यात आज लेकरांबद्दलच्या माहितीची टंचाई नाही. अंगणवाडीच्या भिंतीवर तक्ते आहेत, आशाताई घरी येते, मोबाइलवर व्हिडिओ येतात. तरीही सात महिन्यांच्या लेकराला दाळीचं पाणीच पाजलं जातं. हगवण लागली की जेवण बंद होतं. पहिलटकरीण तिसऱ्याच दिवशी "दूध पुरून नाही राहिलं" म्हणते आणि वरचं दूध सुरू होतं. कानावर पडलेलं हातात उतरत नाही, म्हणून हे होतं. हातात उतरायला समोर बसून करून दाखवणारी आणि दुसऱ्या दिवशी "जमलं का गं?" म्हणून डोकावणारी बाई लागते. ती बहुतेक वेळा दोन घरं सोडूनच राहत असते. म्हणून आयांचा गट बसवायचा तर गावाचा मोठा गट नको, गल्लीचा हवा.

या विचाराला विदर्भातच भक्कम आधार आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत तिथल्याच बायकांना नवजात बाळाची घरी घ्यायची काळजी शिकवली. तिसऱ्या वर्षापर्यंत तिथले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटले. हा अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. आज आशाताई बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते, त्या भेटींचं मूळ या कामात आहे. पुढे झारखंड आणि ओडिशात 'एकजुट' संस्थेने बायकांचे गट दर महिन्याला बसवले. अडचण बायकांनीच शोधायची आणि उपायही त्यांनीच ठरवायचा, अशी पद्धत होती. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू ४५ टक्क्यांनी कमी दिसले. गटाच्या बैठका हाच तिथला मुख्य उपाय होता.

गटात सात ते दहा जणी पुरेत. बारा-पंधरा झाल्या की चारच बोलतात आणि बाकीच्या पदर सावरत बसतात. एक-दोन गरोदर बाया, दोन-तीन दूध पाजणाऱ्या, एखादी दोन-तीन लेकरं वाढवलेली, आणि किमान दोन सासवा, असा मेळ बसला पाहिजे. सासू नसेल तर बैठकीत ठरलेलं चुलीपाशी मोडतं, कारण लेकराला काय द्यायचं हे सून एकटी ठरवत नाही. सासूला ऐकायला बोलवू नका, तिला विचारा. मालीश, बाळाला उबेत ठेवणं, बाळंतिणीला आराम, डिंकाचे लाडू हे तिचं ज्ञान चांगलंच आहे आणि ते तिने सगळ्यांना दाखवावं. तिचा मान राखला गेला की पुढचं बोलणं सोपं जातं. चीक, म्हणजे पहिलं पिवळसर दूध, फेकायचा नाही. सहा महिन्यांपर्यंत मध, गुटी, पाणी काही नाही, आणि मध तर वर्षभर नाही. नाळेवर राख, तेल, हळद काही लावायचं नाही, ती कोरडीच ठेवायची. बंद खोलीत निखाऱ्याची शेगडी ठेवायची नाही, त्या धुराने आणि वायूने बाळ आणि बाळंतीण दोघांच्याही जिवाला धोका होतो.

एक गोष्ट उघड बोलली पाहिजे. खेड्यात गल्ली म्हणजे बहुतेक ठिकाणी एकच जात. गल्लीचे गट ठेवले तरी दोन-तीन महिन्यांतून एकदा दोन गल्ल्यांचे गट एकत्र बसले पाहिजेत, आणि टोलीवरच्या, वीटभट्टीवरच्या आयांना आवर्जून बोलावलं पाहिजे. लेकरांची अडचण तिथेच जास्त असते.

वेळ ठरवताना आधी वावर बघायचं. वऱ्हाडात जून-जुलैत पेरणी, मग निंदण, दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनची सोंगणी आणि दिवाळीपासून संक्रांतीच्या पुढेपर्यंत कापूस वेचणी. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे पावसाळ्यात रोवणी, दिवाळीच्या सुमाराला धानकापणी, मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं, मे महिन्यात तेंदूपत्ता. अशा दिवसांत दुपारी दोनची बैठक ठरवली तर ज्यांना यायची सर्वांत जास्त गरज आहे त्याच वावरात असतात. वेचणीच्या हंगामात रात्रीची जेवणं उरकल्यावर अर्धा तास, उन्हाळ्यात दुपारी कोणाच्या ओसरीत पाऊण तास, पंधरवड्यातून एकदा, एवढं जमतं. मजुरीचा चुकारा ज्या दिवशी असतो तो बाजाराचा दिवस टाळावा. बचत गटाची बैठक जिथे नियमाने होते तिथे तिच्यालाच जोडून बसणं सगळ्यात टिकतं.

एका बैठकीत एकच विषय घ्यावा, आणि तो हाताने करून दाखवावा. जिला तो जमतो तिनेच दाखवावा, मग ती शिकलेली असो की नसो. पुढच्या बैठकीची सुरुवात मागच्या वेळचं कोणाला जमलं, कोणाचं कुठे अडलं, इथूनच करावी. गट मोडतो तो बहुतेक वेळा लाजेने. एखाद्या आईचं लेकरू वजनात मागे आहे हे सगळ्यांसमोर बोललं गेलं की ती पुन्हा येत नाही, आणि नेमकी तिचीच गरज मोठी असते. वजनाचे आकडे ज्याच्या त्याच्या घरी, अंगणवाडीताईच्या सोबतीनेच बोलावेत.

सुरुवात दुधापासून करावी. जुन्या मोज्यात कापूस भरून स्तन आणि कापडाची बाहुली केली, की नवीन आई न लाजता सराव करते. बाळाचा कान, खांदा आणि कंबर एका रेषेत, पोट आईच्या पोटाला टेकलेलं, आणि फक्त डोकं न धरता सगळं अंग हातावर पेललेलं असावं. बाळाने तोंड मोठं उघडलं की त्याला छातीकडे आणायचं, आईने वाकून छाती बाळाकडे न्यायची नाही. पकड बरोबर आहे का, हे चार गोष्टींवरून कळतं: तोंड मोठं उघडं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली, आणि काळा भाग वरच्या बाजूला जास्त, खालच्या बाजूला कमी दिसतोय. नुसतं बोंड तोंडात असेल तर दुखतं, चिरा पडतात, दूधही नीट येत नाही. अशा वेळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून करंगळी आत घालून पकड सोडवायची आणि पुन्हा लावायचं. तसंच ओढून काढलं की चीर वाढते.

"दूध पुरत नाही" हा समज कसा खरा होत जातो, हे गटात सावकाश समजावून सांगावं. बाळ रडतं, म्हणून वरचं दूध दिलं जातं. त्याने पोट भरतं, बाळ कमी ओढतं, आणि जेवढं कमी ओढलं जातं तेवढं दूध कमी बनतं. आठ दिवसांत खरंच दूध कमी होतं आणि सगळ्यांना वाटतं, बघा, आम्ही म्हणतच होतो. रडण्यावरून ठरवू नये. पाचव्या दिवसानंतर फक्त अंगावर पिणारं बाळ २४ तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी करत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येतं, त्याला घाबरू नये. दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावं, रात्रीचं पाजणं चुकवू नये. आणि मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला तरी सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पाणी नको. त्याला जास्त वेळा पाजावं आणि पाणी आईने भरपूर प्यावं. उन्हाळा आला की शेजारपाजारच्या बाया कळवळ्याने चमचा-चमचा पाणी पाजतात, म्हणून हा विषय मार्चमध्येच घ्यावा.

छाती भरून दगडासारखी झाली तर बाळाला काळा भाग तोंडात धरता येत नाही. आधी थोडं दूध हाताने काढायचं, छाती मऊ झाली की पाजायचं. लाली, गाठ आणि ताप असेल तर पाजणं थांबवायचं नाही, पण त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

दूध काढायची रीत वेचणीला जाणाऱ्या बाईला यायलाच हवी. हात साबणाने धुवायचे, उकळलेली स्टीलची वाटी घ्यायची. अंगठा वर आणि बोटं खाली, बोंडापासून साधारण तीन सेंटिमीटर मागे ठेवायची. आधी छातीच्या बाजूला आत दाबायचं, मग अंगठा आणि बोटं जवळ आणायची, मग सोडायचं. बोटं कातडीवर घासायची नाहीत आणि बोंड पिळायचं नाही. तीन ते पाच मिनिटं एक बाजू, मग दुसरी, असं आलटून पालटून वीस ते तीस मिनिटं. पहिल्या दिवशी जेमतेम चमचाभर निघालं तरी सोडू नये, सात-आठ दिवस रोज काढलं की वाटी भरू लागते. म्हणून वेचणी सुरू होण्याच्या आधीच सराव करावा. काढलेलं दूध झाकून, घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात, पाण्याने ओल्या केलेल्या मातीच्या परळात ठेवावं. चार तासांचा हिशेब २५ अंशांपर्यंतच्या खोलीचा आहे, म्हणून हिवाळ्यात तो चालतो, उन्हाळ्यात त्यावर विसंबू नये. ते दूध वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजावं, बाटलीने नाही. बाटलीचं निपल खेड्यात नीट उकळून निघत नाही आणि हगवण तिथूनच सुरू होते.

सहा महिने पूर्ण झाले की घास सुरू करायचा, आणि अंगावरचं दूध दोन वर्षं आणि पुढेही चालू ठेवायचं. इथे गटाने प्रत्यक्ष चूल पेटवावी, कारण "घट्ट" म्हणजे किती हे बोलून कळत नाही. तीन मुठी ज्वारीच्या कण्या किंवा तांदूळ आणि एक मूठ मुगाची किंवा तुरीची दाळ गंजात मऊ शिजवायची. त्यात चिरलेली पालक किंवा शेवग्याचा पाला टाकायचा आणि चमच्याने घोटायचं. लेकराचा घास वेगळा काढला की त्यात एक चहाचा चमचा तेल किंवा तूप आणि एक चमचा फल्लीदाण्याचं बारीक कूट. चमचा तिरपा केला तरी घास लगेच ओघळून पडू नये, एवढं घट्ट. आठ किलोच्या लेकराच्या पोटात एका वेळी साधारण २४० मिली मावतं. ती जागा दाळीच्या पाण्याने किंवा भाताच्या पेजेने भरली तर पोट टम्म होतं आणि अंगाला काहीच लागत नाही. लेकरू रोज जेवतं तरी भरत का नाही, याचं उत्तर बऱ्याच घरांत या पातळ वाटीतच असतं.

सुरुवातीला दोन-तीन मोठे चमचे, दिवसातून दोन-तीन वेळा. आठ महिन्यांपर्यंत वाढवत २५० मिलीच्या वाटीची अर्धी वाटी. नऊ ते अकरा महिन्यांत तेवढंच, पण तीन-चार वेळा. वर्षानंतर पाऊण ते पूर्ण वाटी तीन-चार वेळा आणि मधे एक-दोन वेळा केळं, उकडलेलं अंडं, मुरमुऱ्याच्या पिठाचा लाडू असं काही. गोची वाटीतच आहे. घरातली वरणाची वाटी त्याहून बरीच लहान असते, मग आई म्हणते पूर्ण वाटी खाल्ली आणि ती खरं म्हणजे मापाच्या अर्ध्या वाटीहून जराच जास्त असते. पाणी मोजून प्रत्येकीने आपल्या घरच्या वाटीवर खूण करावी. लेकराची थाळी वेगळी वाढावी, मोठ्यांच्या ताटातून भरवलं तर किती गेलं हे कळतच नाही. चहा-बिस्कीट मात्र बंदच, चहाने लोह अंगी लागत नाही आणि बिस्किटाने भूक मरते. अंगणवाडीतून मिळणारा घरपोच आहार घरात सगळ्यांच्या नाश्त्यात संपतो, त्यावर दोन सासवांनी मिळून नजर ठेवली तर तो लेकराच्या पोटात जातो.

लोहाचं औषध सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकराला आठवड्यातून दोनदा एक मिली मिळतं. संडास काळी होते म्हणून बऱ्याच आया ते बंद करतात, तसं होणं साहजिक आहे. सिकलसेल हा रक्ताचा पिढीजात आजार असलेल्या लेकराला मात्र डॉक्टरांना विचारूनच द्यावं. पूर्व विदर्भात हा आजार बराच आहे. सहा महिन्यांनंतर हाता-पायाचे पंजे वारंवार सुजत असतील आणि लेकरू स्पर्शाने रडत असेल तर मुरगळलं असेल म्हणून चोळत न बसता रक्ताची तपासणी करून घ्यावी.

हगवणीसाठी प्रत्येक गटाकडे लिटरची रिकामी पाण्याची बाटली असावी. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यातच, पूर्ण टाकायची. पेल्यात अर्धी पुडी टाकली तर मिठाचं प्रमाण वाढतं आणि ते लेकराला घातक ठरतं. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा आणि मिठाचा अर्धा, असे चहाचे सपाट चमचे. शीग लावायची नाही. साखर टाकायच्या आधी मिठाचं पाणी चाखून बघा, अश्रूपेक्षा खारट लागलं तर फेकून पुन्हा करा. दोन वर्षांच्या आतल्या लेकराला प्रत्येक पातळ संडासनंतर ५० ते १०० मिली, मोठ्याला १०० ते २०० मिली, चमच्याने किंवा घोटाघोटाने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून आणखी सावकाश द्यावं. २४ तासांनी उरलेलं फेकावं. सोबत झिंकची गोळी १४ दिवस, सहा महिन्यांपर्यंत १० मिलीग्रॅम आणि पुढे २०. दोन दिवसांत संडास थांबली की गोळी बंद होते, तिथेच चुकतं. जेवण आणि अंगावरचं दूध चालूच राहावं. संडासमधून रक्त, खोल गेलेले डोळे, पाणीही न पिणं, किंवा लेकरू निपचित पडलेलं, यातलं एक जरी दिसलं तर १०८ ला फोन करून निघायचं.

सर्दी-खोकल्यात श्वास मोजणं सगळ्यांना यावं. लेकरू शांत किंवा झोपलेलं असताना झबलं वर करून पोटाकडे बघायचं आणि मोबाइलच्या घड्याळावर पूर्ण एक मिनिट मोजायचं. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त आले, किंवा बरगड्यांखाली खड्डा पडत असला, तर रात्र काढायची नाही. सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकराच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या आत आला तरीही तसंच. अंगणवाडीत त्याची रंगीत पट्टी असते.

आता वेचणी. आयांचा गट खरा उपयोगी पडतो तो इथे, आणि बहुतेक गट इथेच नुसते बोलत राहतात. सकाळी आठला वावरात गेलेली बाई संध्याकाळी येते. लेकरू एकतर पऱ्हाटीच्या धुऱ्यावर झोळीत असतं, नाहीतर आठ वर्षांच्या बहिणीकडे, आणि मग तिची शाळा बुडते. गटाने लेकरं सांभाळण्याची पाळी लावावी. तीन वर्षांखालची तीन-चारच लेकरं एका बाईकडे, त्याहून जास्त नाही. सांभाळणारी मजुरी सोडून घरी राहते, म्हणून तिला पैसे दिलेच पाहिजेत. वेचणी किलोवर असते, त्यामुळे बाकीच्यांनी दिवसाच्या कमाईतला ठरलेला वाटा त्याच संध्याकाळी द्यावा. उधारी राहिली की पाळी महिन्याभरात बंद पडते. घर असं निवडावं जिथे विहिरीला कठडा आहे आणि फवाऱ्याचं औषध घरात ठेवलेलं नाही. प्रत्येक आईने सकाळी लेकराचा घट्ट घास दोन वेळचा डब्यात द्यावा, काढलेलं दूध द्यावं, आणि जवळच्या वावरात असेल तर दुपारी एकदा येऊन पाजून जावं. सरकारलाही हे पटलेलं होतं. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त लेकरं असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमून तिला पूर्ण मजुरी द्यायची तरतूद केली होती. मालकाच्या वावरातल्या मजुरीलाही हाच हिशेब लावावा, असं गटाने एकत्र मिळून मागितलं तर काही मालक ऐकतात. एकटीने मागून कोणी ऐकत नाही.

फवारणीचे दिवस वेगळेच धोक्याचे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, ते सगळ्यांच्या लक्षात आहे. त्या दिवशी लेकरू वावरात न्यायचंच नाही. फवारणाऱ्या माणसाने अंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय लेकराला उचलायचं नाही. ते कपडे लेकरांच्या कपड्यांत धुवायचे नाहीत. औषधाचा रिकामा डबा पाण्याला किंवा तेलाला वापरायचा नाही, तो गावातून नाहीसाच व्हावा. आणि पेरणीचं औषध लावलेलं रंगीत बियाणं लेकरांना मोजायला, खेळायला द्यायचं नाही. शाळापूर्व तयारीसाठी २०२२ पासून 'पहिले पाऊल' मोहिमेत गावोगावी माता गट झाले, लीडर माता निवडल्या गेल्या. त्यात घरच्या वस्तूंनी मोजणी, वर्गवारी करायची चांगली सवय लागली. त्यासाठी बटाटे, वाट्या, मोठी पानं घ्या. तीन वर्षांखालच्या लेकराच्या हाती फल्लीदाणे, फुटाणे, चिंचोके देऊ नका, ते श्वासनळीत अडकतात.

बाळंतिणीच्या मनाकडेही बघावं लागतं. पहिल्या आठवड्यात रडू येणं बऱ्याच जणींना होतं आणि जातं. दोन आठवड्यांनंतरही ती बोलत नाही, जेवत नाही, बाळाकडे बघत नाही असं दिसलं तर "बाहेरचं झालं" म्हणू नये. गटातल्या एकीने रोज जाऊन तासभर बाळ धरावं म्हणजे तिला झोप मिळेल, आणि आशाताईला सांगावं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला इजा करायचं ती बोलत असेल तर तिला एकटं न सोडता त्याच वेळी दवाखान्यात न्यावं.

राहिला माहेरचा प्रश्न. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. सातव्या-आठव्या महिन्यात पोरगी जाते आणि सव्वा महिन्याने, कधी तीन महिन्यांनी परतते. म्हणजे ज्या दिवसांत शिकायची सर्वांत जास्त गरज असते, नेमक्या त्याच दिवसांत ती सासरच्या गटात नसते आणि माहेरच्या यादीतही नसते. अशा वेळी आशाताईच्या भेटीही चुकतात. यावर उपाय सोपा आहे. गटाच्या वहीत दोन पानं ठेवायची, एक माहेरी गेलेल्यांचं आणि एक माहेरी आलेल्यांचं. गेलेलीचा तिकडच्या आशाताईचा फोन नंबर जाण्याआधीच लिहून घ्यायचा, माता-बाल सुरक्षा कार्ड तिच्या पिशवीत आहे का ते बघायचं, आणि तिसऱ्या दिवशी गटातल्या एकीने तिला फोन करायचा. फोनवर विचारायचं ते एवढंच: चीक पाजला का, दिवसात लघवी किती वेळा, अंगाला ताप किंवा जास्त रक्त जातंय का. आलेलीला तिची आई सांगेल म्हणून न थांबता पहिल्याच बैठकीला बोलवायचं, तिच्या आईसकट. परत जाताना बाळाच्या लसींच्या तारखा वहीतून तिच्या सासरच्या गटातल्या कोणाला तरी कळवायच्या, कारण दीड महिन्याची लस या येण्याजाण्यातच सर्वांत जास्त राहते.